चालणार की बसणार?

"गोल्फ बॅग बघायचीये," एवढंच म्हटलं मी. दुकानातल्या पोराने बॅगांच्या रांगेकडे मान पण वळवली नाही, माझ्या बुटांकडे एक नजर टाकली आणि विचारलं, "मॅडम, चालणार की बसणार?" मला वाटलं स्टूल देतोय. म्हटलं नको नको, उभी आहे तीच बरी आहे. तो हसला नाही, हसू दाबलं म्हणा हवं तर, आणि मग नीट विचारलं की कोर्सवर, म्हणजे खेळायच्या मैदानावर, बॅग खांद्याला लावून चालणार, ट्रॉलीवर ओढत नेणार, का कार्टमधे, म्हणजे तिथल्या छोट्या गाडीत, बसून फिरणार, कारण त्यावर कुठल्या बॅगा काढायच्या ते ठरतं. मी रंग ठरवून गेले होते, कप्पे किती पाहिजेत ते ठरवून गेले होते, व्हिडिओ बघून बघून वॉटरप्रूफ आणि वॉटर रेझिस्टंट यातला फरकसुद्धा पाठ केला होता, आणि याने पहिलाच प्रश्न सिलॅबसच्या बाहेरचा काढला. "विचार करून येते," असं काहीतरी पुटपुटून मी बाहेर पडले. बॅग तिथेच राहिली, प्रश्न घरी आला.

तोवर माझं सगळं गोल्फ म्हणजे ड्रायव्हिंग रेंज. रेंजवर कोणी चालत नाही. बादलीभर बॉल घ्यायचे, मॅटवर उभं राहायचं, मारत सुटायचं, बॅग बापडी मागच्या रॅकला टेकून उभी. तिथे तिला वजन नसतं, पट्टा नसतो, ती फक्त दिसते. आणि तिथे ती फार सुंदर दिसते हो. बाजूच्या मॅटवाल्याची पांढरी चकचकीत, चौदा खणांची, प्रत्येक क्लबला, म्हणजे खेळायच्या काठीला, टोपी घातलेली बॅग बघून मला हळूहळू वाटायला लागलं होतं की आपल्या शॉटमधे जे कमी आहे ते थोडंफार तिथून पण येत असणार. येत नाही हे कळत होतंच, पण वाटायचं काही थांबत नव्हतं. कोर्सवर मी तोपर्यंत दुसऱ्याच्या मागे मागे गेलेले, कधी मैत्रिणीच्या कार्टमधे बसून, कधी मला शिकवणाऱ्या सरांनी दिलेली जुनी बॅग घेऊन. त्यामुळे आपण चालणाऱ्यातले का बसणाऱ्यातले हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. तो पोरगा मला बॅगेबद्दल विचारतच नव्हता, मी अजून झाले नव्हते अशा एका खेळाडूबद्दल विचारत होता.

चालायचं म्हणजे किती, तर अठरा होल, म्हणजे एक पूर्ण राऊंड, चालत केले की साधारण आठ ते दहा किलोमीटर. माझ्यासारखी असेल तर वर थोडे, कारण कोर्स सरळ जातो आणि मी झाडाझुडपांना भेटी देत.

बॅगांचे प्रकार तसे चारच, पण दुकानात ते चाळीस वाटतात. सगळ्यात सडपातळ ती पेन्सिल बॅग, काही जण तिला संडे बॅग म्हणतात, किलो-दीड किलोची, आत सहा-आठ क्लब, एखाद-दोन कप्पे, संपलं. मग स्टँड बॅग, जमिनीवर टेकवली की दोन पाय फाकून स्वतःच्या पायावर उभी राहणारी, दोन-अडीच किलोच्या आसपास. मग कार्ट बॅग, तिला पाय नाहीत, तळ रुंद, कप्पे भरपूर आणि सगळे पुढच्या बाजूला, कारण कार्टच्या मागे पट्ट्याने आवळून ठेवली तरी चेन उघडता आली पाहिजे. आणि शेवटी ती टूर बॅग, टीव्हीवर दिसते ती, मोठमोठ्या अक्षरात नाव लिहिलेली, रिकामीच साडेचार किलोच्या वर. ती बघून माझा जीव जरा जास्तच वर-खाली झाला. पण गंमत अशी की ती बॅग ज्याच्या नावाची असते तो माणूस ती कधीच उचलत नाही, त्याचा कॅडी, म्हणजे बॅग वाहणारा मदतनीस, उचलतो. म्हणजे जगातली सगळ्यात आकर्षक गोल्फ बॅग ही दुसऱ्याच्या खांद्यासाठी बनवलेली आहे, आणि आपण नवखे लोक ती बघून पाघळतो.

मुळात बॅग हा प्रकारच तसा उशिराचा. एकोणिसाव्या शतकात बराच काळ कॅडी लोक क्लब नुसते काखेत धरून चालायचे, मोळीसारखे. बॅगा आल्या त्या शतकाच्या शेवटाकडे, आणि त्या सुद्धा कॅनव्हासच्या साध्या नळकांड्या. १९१३ च्या यूएस ओपन या मोठ्या स्पर्धेचा एक फोटो आहे, अमेरिकेतल्या ब्रुकलाइनचा, गोल्फवाल्यांनी शंभरदा बघितला असेल. वीस वर्षांचा हौशी खेळाडू फ्रान्सिस विमेट, ज्याने बरोबरीनंतरच्या प्लेऑफमधे हॅरी व्हार्डन आणि टेड रे या दोन ब्रिटिश दिग्गजांना हरवलं, आणि बरोबर त्याचा कॅडी एडी लोवरी, वय वर्षे दहा. सगळे विमेटकडे बघतात, मी हल्ली त्या पोराच्या खांद्याकडे बघते. बारीकशी बॅग आहे. दहा वर्षांच्या मुलाने घेऊन कोर्सभर चालावं एवढीच. आणि त्या बॅगेतल्या क्लबांनी यूएस ओपन जिंकलीये.

पुढे मात्र लोक सुटले. स्टीलच्या शाफ्टला, म्हणजे क्लबच्या दांड्याला, मान्यता मिळाली, प्रत्येक अंतरासाठी वेगळा क्लब अशी नंबरवार सेटं यायला लागली, काही खेळाडू वीस-पंचवीस क्लब घेऊन फिरायला लागले, आणि कॅडी बिचारे वाकले. मग अमेरिकेत १९३८ मधे आणि पुढच्या वर्षी ब्रिटनमधे नियम आला की चौदाच्या वर नाही. आजही तोच आहे. स्ट्रोक प्लेमधे, म्हणजे एकूण शॉट मोजतात त्या प्रकारात, जास्तीचा क्लब सापडला तर ज्या ज्या होलला तो बॅगेत होता त्या प्रत्येकी दोन शॉटचा दंड, जास्तीत जास्त चार. २००१ च्या ब्रिटिश ओपनमधे, रॉयल लिदमवर, शेवटच्या दिवशी इयन वूझनम पहिल्या होलला बर्डी, म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक शॉट कमी, मारून आघाडीच्या जोडीला आला, बॉल जवळजवळ टीवरूनच, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागेवरूनच, आत जात होता. दुसऱ्या टीवर कॅडीने सांगितलं की बॅगेत पंधरा क्लब आहेत, सरावाचा एक ड्रायव्हर राहून गेलाय. दोन शॉट गेले. शेवटी तो तिसऱ्या नंबरावर बरोबरीत राहिला. आमच्या सरांची ही आवडती गोष्ट, मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात ऐकवलेली. तेव्हा वाटलं होतं कॅडीच्या हलगर्जीपणाची गोष्ट आहे. आता वाटतं ती बॅगेच्या पोटाची गोष्ट आहे. टूर बॅगेच्या पोटात एक अख्खा ड्रायव्हर लपू शकतो. माझ्या डोळ्यापुढच्या त्या एडीच्या बॅगेत लपला असता का.

पण चौदा हा आकडा नवख्याच्या डोक्यात उलटा बसतो. नियम सांगतो चौदाच्या वर नको, आपण ऐकतो चौदा पाहिजेत. त्यात बॅगेच्या तोंडाला चौदा खण असले की झालंच, मोकळा खण आपल्याकडे टक लावून बघत बसतो. मला विचाराल तर शिकणाऱ्याला सात-आठ क्लब रग्गड होतात, एक ड्रायव्हर नाहीतर तीन नंबरचा वूड, एक हायब्रिड, सातचं आणि नऊचं आयर्न, जवळून बॉल उंच उचलायला एक पिचिंग वेज, एक सँड वेज, आणि शेवटी बॉल होलमधे ढकलायला पटर. नंबर वाढला की अंतर कमी होतं, पण सहाचं आयर्न आणि सातचं आयर्न यात किती अंतराचा फरक पडतो हे ज्याला नीट मारता येतं त्याला कळतं. माझी दोन्ही एकाच ठिकाणी जायची, कधी कधी सातचंच पुढे. मग सहाचं कशाला उचलून न्यायचं, त्याला फिरायला?

खणांचा अजून एक घोळ असतो जो फोटोत दिसत नाही. काही बॅगांचे खण फक्त वर तोंडापाशी असतात, आत खाली सगळा एकच गाळा. वरून बघितलं तर प्रत्येक क्लब आपापल्या घरात शहाण्यासारखा, आणि खाली सगळ्यांच्या ग्रिप, म्हणजे धरायच्या मुठी, एकमेकात अडकलेल्या. सरांच्या जुन्या बॅगेत असंच होतं. नऊचं आयर्न ओढलं की त्याच्याबरोबर वेज अर्धं वर यायचं, मग ते दाबायचं, मग नऊचं परत, तोवर मागचे लोक कमरेवर हात ठेवून उभे. काही बॅगांना खणाचं कापड थेट तळापर्यंत असतं, त्यात हा त्रास बराच कमी. हे बघायची सोपी रीत म्हणजे बॅगेत हात घालायचा, खांद्यापर्यंत. दुकानात लोक बघतात, बघू देत. आणि उलटं पण सांगते, चार-पाच मोठे खण असलेली बॅग मला चौदावालीपेक्षा आवडली, क्लब सरकन जातो आणि सरकन येतो, वजनही कमी. फक्त चालताना क्लब एकमेकांवर आपटतात. तो खडखडाट काहींना डोक्यात जातो, मला तो आवाज आवडतो, आपण कुठेतरी निघालोय असं वाटतं. ग्रॅफाइटचे शाफ्ट असले तर त्यांना ओरखडे पडतात म्हणे, असो, माझ्या क्लबांना माझ्याकडून त्याहून मोठे धोके आहेत.

तर तो प्रश्न घरी आला, आणि एका रविवारी मी वजनकाटा काढला.

सरांची बॅग भरलेलीच होती. आधी नुसती मी काट्यावर, मग बॅग खांद्याला लावून मी. फरक साडेअकरा किलोच्या आसपास आला. मी परत केलं, तेवढाच. मग बसून एकेक वस्तू बाहेर काढली आणि स्वयंपाकघरातला छोटा काटा आणला, मुलगी म्हणाली आई तू क्लबची रेसिपी करतेयस का. रिकामी बॅग सव्वादोन किलोची. चौदा क्लब मिळून सहा किलोच्या जरा खाली, आणि इथे एक मजा कळली की सगळ्यात लांब, सगळ्यात भारदस्त दिसणारा ड्रायव्हर हा सगळ्यात हलका, तीनशे ग्रॅमच्या थोडा वर, आणि आखूड, गरीब दिसणारं वेज साडेचारशेच्या पुढे, पटर तर पाचशेच्या वर. जे लांब ते हलकं, जे आखूड ते जड. पाण्याची बाटली एक किलो. छत्री सहाशे ग्रॅम. रेनकोट, टॉवेल, दोन ग्लोव्हज (दुसरा का, देव जाणे), सनस्क्रीन, टीची, म्हणजे बॉल टेकवायच्या खुंट्यांची, अख्खी पिशवी.

आणि बॉल.

खालच्या मोठ्या कप्प्याची चेन ओढली तर बॉल घरंगळत सोफ्याखाली गेले, मोजले तर वीसच्या वर निघाले. नियमाप्रमाणे एक बॉल जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा असतो. म्हणजे वीस बॉल सव्वानऊशे ग्रॅमच्या घरात. जवळजवळ एक किलो वजनाचे बॉल मी खांद्यावर घेऊन फिरत होते, कशासाठी, तर हरवतील म्हणून. बॉल शोधायला आता तीनच मिनिटं मिळतात, २०१९ च्या आधी पाच मिळायची, त्यामुळे नवखा माणूस हिशोब करतो की अठरा होल, प्रत्येकाला एक तरी जाणार. खरं तर माझे एका राऊंडला सहा-सात जातात, ते पण वाईट दिवशी. उरलेले सगळे भीतीचे. भीतीला वजन असतं हे आपण उगाच बोलण्यात म्हणतो, मी ते किचनच्या काट्यावर वाचलं. आणि त्याहून टोचलं ते हे की दुकानात हलकी म्हणून मिरवणारी जी महागडी बॅग होती, कार्बन फायबरच्या पायांची, ती या बॅगेपेक्षा किती हलकी, तर सातशे ग्रॅमने. सातशे ग्रॅम म्हणजे पंधरा बॉल. पंधरा बॉल घरी ठेवले की ती बॅग फुकटात घेतल्यासारखी होते.

हे सगळं मी उत्साहाने मैत्रिणीला फोन करून सांगितलं. ती मुळातच बसणारी. "अगं, पण कशाला तो व्याप," ती म्हणाली, "कार्टमधे टाक आणि चल. वजन कार्टला." तिच्याकडे कार्ट बॅग आहे, नऊ-दहा कप्पे, एक थंड राहणारा कप्पा ज्यात बाटल्या मावतात, एक मखमली अस्तराचा कप्पा अंगठ्या-घड्याळासाठी, अंतर मोजायच्या रेंजफाइंडरला चुंबकाने बंद होणारा खिसा, आणि चौदाच्या चौदा खण तळापर्यंत. मी तिच्या त्या मखमली कप्प्यात हात घालून बघितलाय, आत इतकं मऊ आहे की हात काढवत नाही. आणि तिच्या बोलण्यात तथ्य आहे. गुडघा दुखत असेल, कंबर कुरकुरत असेल, ऊन मरणाचं असेल, कोर्स डोंगरउताराचा असेल, नाहीतर कोर्सनेच कार्ट सक्तीची केली असेल, तर खांद्यावर बॅग घेऊन शूरपणा करण्यात काही अर्थ नाही. चालणारे लोक बसणाऱ्यांकडे जरा वरून बघतात, तो प्रकार मला आवडत नाही. कार्ट बॅगला खांद्यावरून नेणं मात्र विसरा, तिला एकच पट्टा असतो आणि तो गाडीच्या डिकीपासून कार्टपर्यंतचाच असतो. मी एकदा तिची बॅग पार्किंगमधून उचलून आणली, तेवढ्यात खांद्यावर लाल पट्टा.

उलटी अडचण पण असते. स्टँड बॅग कार्टवर बांधली आणि पट्टा आवळला की काहींचे पाय अर्धवट बाहेर येतात, काहींचे कप्पे पट्ट्याखाली दबून उघडतच नाहीत, ट्रॉलीवर ठेवली तर वळताना हळूहळू गोल फिरते आणि थोड्या वेळाने क्लबांची तोंडं भलतीकडे. म्हणून काही बॅगांना पाय बांधून ठेवायची छोटी पट्टी असते आणि पट्टा जाण्यासाठी कप्प्यांच्या मागून वाट ठेवलेली असते. या दोन गोष्टी कोणी सांगत नाही, आणि कधी चालणार कधी ट्रॉली घेणार अशा माझ्यासारखीला याच दोन लागतात.

त्या पायांचं मला अजूनही अप्रूप आहे. बॅगेचा तळ जरासा तिरका असतो. बॅग पुढे कलती करून टेकवली की तळाचा तो भाग दबतो, बाजूने वर गेलेल्या बारीक दांडीला रेटा मिळतो आणि वर तोंडाजवळ बिजागरीत बसवलेले दोन पाय खटकन बाहेर. उचलली की परत आत. ना बॅटरी ना बटण. १९८० च्या दशकात अशा बॅगा पसरल्या आणि नंतर दोन्ही खांद्यांवरून जाणारे पट्टे आले, त्याआधी लोक बॅग गवतावर आडवी टाकायचे आणि दर शॉटला वाकून उचलायचे. अठरा होल, शंभराच्या आसपास शॉट, माझ्यासारखीचे त्याहून बरेच, प्रत्येक वेळी वाकायचं, उचलायचं. ज्याने हे पाय काढले त्याची स्वतःची कंबर दुखत असणार. सरांच्या बॅगेचा डावा पाय आळशी होता, उजवा बाहेर यायचा आणि डावा विचार करत बसायचा, तोवर बॅग त्या बाजूला तोल घेऊन आडवी. म्हणून आता दुकानात मी पाय बघते. क्लब घातलेल्या बॅगेने बघायचं, रिकाम्याने नाही, रिकामी बॅग सगळ्यांचीच छान उभी राहते.

रिकामी बॅग तशी सगळ्याच बाबतीत खोटं बोलते. खांद्याला लावली की वाटतं वा, पिसासारखी. त्यात आठ-दहा क्लब, पाणी, पाच बॉल घालून द्यायला सांगायचं आणि दुकानातच पाच मिनिटं चालायचं. मी चालले. दोन पट्ट्यांची बॅग पाठीवर नीट बसली तर ती कमरेच्या वर जवळजवळ आडवी तरंगते, वजन दोन्ही खांद्यांवर वाटलं जातं, हात मोकळे राहतात. नीट नाही बसली तर तळाचं टोक दर पावलाला पोटरीवर टकटक करतं. माझी उंची बेताची, बहुतेक बॅगा उंच लोकांच्या मापाच्या, पट्टा पूर्ण आखडला तरी एक बॅग मला मागून ढकलत होती, जणू तिलाच घाई. कमरेवर टेकणारी जी गादी असते तिच्याकडे पण कोणी बघत नाही, पण उन्हात घामाने भिजलेला शर्ट आणि त्यावर घासणारं प्लास्टिक याचा अनुभव घेतला की माणूस सगळ्यात आधी तिथे बोट दाबून बघतो.

मधल्या काळात एकदा सकाळच्या बॅचला एका काकांबरोबर जोडी लागली. सत्तरीच्या पुढचे असतील, पेन्सिल बॅग, रंग मूळचा निळा होता असं फक्त शिवणीत कळत होतं, आत सात क्लब. पहिल्या टीवर त्यांनी सौजन्य म्हणून माझी बॅग एका हाताने बाजूला करायला घेतली, दोन इंच उचलली, खाली ठेवली आणि म्हणाले, "राहायला आलात की काय?" मी हसले. पण नंतर चार तास मी माझ्या खेळापेक्षा त्यांच्या बॅगेकडे जास्त बघितलं. लांब क्लब पट्ट्याच्या बाजूला, आखूड पुढे, त्यामुळे न बघता हात बरोबर जातो. कुठला क्लब घ्यायचा हे ते चालता चालता ठरवायचे, आणि सातातून ठरवायचं असल्याने फार ठरवावं लागायचंच नाही. मी मात्र प्रत्येक वेळी बॅगेपुढे कपाटासमोर उभं राहिल्यासारखी. एकदा सत्तर यार्डाला त्यांच्याकडे नेमका क्लब नव्हता, त्यांनी नऊचं आयर्न थोडं खाली धरलं, अर्धा स्विंग केला आणि बॉल घसरत घसरत ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत गवतावर. माझ्याकडे त्या अंतराचं खास वेज होतं. माझा बॉल वाळूच्या बंकरमधे.

अजून एक. ग्रीनजवळ आल्यावर मी बॅग जिथे असेन तिथे ठेवायचे, म्हणजे ग्रीनच्या अलीकडे. काका वळसा घालून पलीकडे जायचे, पुढच्या टीच्या वाटेवर बॅग ठेवायचे, आणि मग पटर घेऊन ग्रीनवर. पटिंग झालं की ते सरळ पुढे, आणि मी माझी बॅग आणायला उलटी मागे, आणि मागचे लोक पुन्हा कमरेवर हात ठेवून. ग्रीनवर बॅग ठेवायची नाही एवढं सरांनी शिकवलं होतं. कुठे ठेवायची हे मात्र काकांच्या वळशाने शिकवलं. आपल्याच बॅगेला आपला बॉल चुकून लागला तर २०१९ पासून दंड नाही, आधी असायचा, हे पण त्यांनीच सांगितलं, माझा एक बॉल माझ्याच बॅगेवर आपटून परत आला तेव्हा. "तुमच्या बॅगेला चुकवणं तसं अवघडच आहे," वर हे.

मला त्यांच्यासारखी पेन्सिल बॅग घ्यावीशी वाटली का? वाटली, दोन दिवस. मग लक्षात आलं की त्यांचे सात क्लब म्हणजे आयुष्यभर खेळून गाळून उरलेले सात आहेत, माझे सात म्हणजे अजून बाकीचे मारता येत नाहीत म्हणून सात. दिसायला सारखंच, पण माझ्याकडून ते नाटक झालं असतं. टूर बॅग घेणं हे एक सोंग, आणि हे दुसरं. आणि मला पाणी लागतं, सनस्क्रीन लागतं, टॉवेल कुठेतरी टांगायला कडी लागते, फोन घामापासून लांब ठेवायला एक कोरडा कप्पा लागतो. पण हे सगळं मिळून चार-पाच कप्प्यात मावतं. कप्पा दहावा असला की दहाव्या कप्प्यासाठी वस्तू आपोआप जन्माला येते, हे मी मैत्रिणीच्या बॅगेत डोळ्यांनी बघितलंय, तिच्या एका खिशात गेल्या वर्षीची तीन स्कोअरकार्डं आणि एक हॉटेलची शॅम्पूची बाटली आहे.

शेवटी घेतली ती स्टँड बॅग, दोन किलोच्या जरा वर, पाच खण तळापर्यंत, दोन पट्टे, कमरेची गादी जाळीची म्हणजे हवा जाते, पाय बांधायची पट्टी आहे. रंग मी ठरवलेला नव्हताच मिळाला, राखाडी आहे. चालायचं ठरवलंय, आणि ज्या दिवशी गुडघा नको म्हणेल त्या दिवशी ट्रॉली भाड्याने, त्यात कमीपणा काही नाही. बॉल नऊ ठेवते, सहा ठेवून बघितले पण पहिला बॉल पाण्यात गेला की पोटात गोळा येतो आणि मग पुढचा पण जातो, तेव्हा वरचे तीन हे मनःशांतीसाठी, दीडशे ग्रॅमच्या आतली मनःशांती परवडते. क्लब आठ. नववा ठेवायला जागा आहे, आणि सहाचं आयर्न घरी दाराशेजारी टेकून माझ्याकडे बघत असतं. आधी सातचं तरी सरळ जाऊ दे, मग बघू.

छत्रीचं मात्र अजून ठरलेलं नाही. बॅगेला बाजूने छत्रीची खोळ आहे, ती रिकामी लटकते आणि वाऱ्यात फडफडते, स्विंग करताना नेमकी तेव्हाच. छत्री घातली की सहाशे ग्रॅम वाढतात आणि बॅग त्या बाजूला कलते, मग तोल साधायला मी पाण्याची बाटली दुसऱ्या बाजूला हलवते, मग बॉलचा कप्पा उघडताना बाटली आडवी येते. बॅगेबरोबर एक पावसाची टोपी मिळाली आहे, बॅगेच्या तोंडावर घालायची, ती घालून क्लब काढणं म्हणजे बंद खिडकीतून वाळत घातलेले कपडे आत घेण्यापैकी आहे, पण निदान ग्रिप कोरड्या राहतात. मी भिजते. मैत्रीण म्हणते, तिच्या कार्टला छप्पर आहे. या एका मुद्द्यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.